ए-बी डेटमवरचा रनआउट जुळत नाही: सीएमएमवर कॉमन अक्ष कसा तपासायचा

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. शाफ्टवर दोन बेअरिंग सीट, ड्रॉइंगवर एकीला ए आणि दुसरीला बी, आणि बाकीच्या व्यासांना ए-बी डेटम (माप ज्याला धरून घ्यायचं तो आधार) धरून रनआउट, म्हणजे त्या अक्षाभोवती फिरवल्यावर पृष्ठभाग किती डुलतो ते, दिलेला. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला तर काटा १५ मायक्रॉनच्या आत फिरतो. सीएमएमचा (प्रोब टेकवून पॉईंट मोजणाऱ्या कोऑर्डिनेट मेझरिंग मशीनचा) रिपोर्ट म्हणतो ६२. जॉब काढून परत लावला की ४१. ऑपरेटर म्हणतो मशीन ठीक आहे, प्रोब आत्ताच कॅलिब्रेट केलाय. ग्राइंडिंगवाला म्हणतो माझा डायल खोटं बोलत नाही. बहुतेक वेळा दोघांचंही बरोबर असतं. घोळ असतो तो तिसरीकडेच: सॉफ्टवेअरने ए-बी म्हणून जो अक्ष धरलाय, तो ए-बीचा नसतोच.

खाली जे लिहिलंय ते कुठल्या एका सॉफ्टवेअरपुरतं नाही. मेनूची नावं बदलतील, गणित तेच राहील.

आधी आकडा फोडा

रनआउटचा एकटा आकडा काहीच सांगत नाही. ज्या व्यासावर तो जास्त येतोय, त्याच सर्कलच्या आणखी दोन गोष्टी रिपोर्टला टाका: त्या सर्कलची गोलाई, आणि त्याचं सेंटर डेटम अक्षापासून किती लांब आहे ते, एक्स आणि वाय वेगवेगळे. सर्क्युलर रनआउट म्हणजे ढोबळमानाने सेंटर सरकल्याच्या दुप्पट, आणि त्यात गोलाईतल्या चुकीची भर. समजा रनआउट ६२ मायक्रॉन आहे, गोलाई ६ आणि सेंटर २८ मायक्रॉन सरकलेलं. म्हणजे ६२ पैकी ५६ नुसते सेंटर सरकल्याचे आहेत. अशा वेळी पृष्ठभागाकडे बघत बसण्यात अर्थ नाही. एकतर व्यास खरोखर बाहेर घासला गेलाय किंवा अक्ष चुकलाय. उलट गोलाईच ५० मायक्रॉन दिसत असेल तर डेटमला हात लावू नका. तिथे की-वेच्या (चावीच्या खाचेच्या) कडेला प्रोब गेलाय, बर (घासताना राहिलेली धातूची बारीक कड) राहिलीय, नाहीतर जॉब धुतलेलाच नाही.

आता जॉब तसाच ठेवून प्रोग्राम तीनदा चालवा. त्यातच आकडा हलत असेल तर स्टायलस (प्रोबची काडी) सैल आहे, तिच्या टोकाची टिप घाण आहे किंवा फिक्स्चरमध्ये जॉब डुलतोय. ते आधी निस्तरा, पुढचं वाचायची घाई नको. आकडा स्थिर असेल तर जॉब स्वतःच्या अक्षाभोवती सुमारे ३५ अंश फिरवून लावा आणि पुन्हा मोजा. ९० अंश फिरवू नका. बहुतेक जण नेमकं तेच करतात आणि फसतात. चार पॉईंटचं सर्कल असेल तर ९० अंश फिरवल्यावर प्रोब जॉबच्या त्याच चार जागांवर टेकतो आणि चूक जशीच्या तशी पुन्हा मिळते. आठ पॉईंट असतील तर ४५ अंशालाही तेच होतं. ३५ अंश फिरवल्यावर सरकलेलं सेंटर जॉबबरोबर तेवढंच फिरलं आणि अंतर तेच राहिलं, तर व्यास खरंच बाहेर आहे, ग्राइंडिंगवाल्याला बोलवा. सेंटर मशीनच्या त्याच बाजूला राहिलं तर संशय टिपवर. आणि अंतरच बदललं, तर डेटमच्या पॉईंटवर.

डेटम कसा लिहिलाय

ड्रॉइंगवर टॉलरन्सच्या चौकटीत एकाच कप्प्यात ए-बी असं मधे आडवी रेघ देऊन लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ: दोन्ही सीट मिळून एक अक्ष, दोघींचा मान सारखा. आयएसओ ५४५९ मध्ये यालाच कॉमन डेटम म्हणतात, आणि एएसएमई वाय१४.५ मध्येही एका कप्प्यातल्या आडव्या रेघेचा अर्थ हाच. प्रोग्राम लिहिताना मात्र अनेकदा पहिल्या खान्यात ए आणि दुसऱ्या खान्यात बी टाकलं जातं. दिसायला किरकोळ फरक, पण अर्थ पूर्ण बदलतो. पहिल्या खान्यातला सिलिंडर चार हालचाली बांधून टाकतो: दोन सरकण्याच्या, दोन झुकण्याच्या. अक्ष तिथेच ठरून जातो. मग त्याच्याच रेषेत असलेल्या बी सिलिंडरला करायला काही शिल्लकच राहत नाही, कारण अक्षाभोवतीचं फिरणं आणि अक्षावरून पुढेमागे सरकणं या उरलेल्या दोन गोष्टी सिलिंडर बांधूच शकत नाही. बी नुसता रिपोर्टच्या शोभेला.

ओळखायची सोपी रीत आहे. मोजलेले पॉईंट तेच ठेवा, जॉबला हात लावू नका, फक्त डेटमचा क्रम उलटा करून रिपोर्ट पुन्हा काढा. कॉमन डेटम खरोखर कॉमन असेल तर ए-बी आणि बी-ए चं उत्तर एकच यायला हवं. हिशेबाच्या पद्धतीमुळे शेवटचा दशांश इकडेतिकडे झाला तर चालेल. ६२ चे एकदम १९ झाले, तर समजायचं की सॉफ्टवेअर पहिल्या अक्षरावरच अक्ष बांधतंय. काही जुन्या आवृत्त्यांत रनआउटच्या खिडकीत एकच डेटम निवडता येतो. तिथे ए निवडून पुढे गेलं की हीच चूक होते, फक्त ती रिपोर्टवर दिसत नाही.

आणखी एक छुपी जागा. काही ठिकाणी रनआउट डेटमला धरून निघतच नाही, चालू अलाइनमेंटला (जॉबवर बसवलेल्या एक्स-वाय-झेड अक्षांना) धरून निघतो. रिपोर्टवर ए-बी छापलेलं असतं, पण हिशेब झालेला असतो झेड अक्षावरून, आणि अलाइनमेंट केलेली असते ए सिलिंडरवर लेव्हल करून. डेटमची अक्षरं कितीही उलटसुलट केली तरी आकडा जराही हलत नाही, हे याचं लक्षण. म्हणून क्रम उलटायच्या चाचणीत आकडा तोच आला की लगेच खूश होऊ नका. डेटम काढून तिथे मुद्दाम एक भलताच सिलिंडर देऊन बघा. तरी आकडा तोच राहिला तर डेटमचं खानं नुसतं नावाला आहे.

आखूड सीट, लांब शाफ्ट

हा त्रास काही मायक्रॉनांवर का थांबत नाही, याचं उत्तर सीटच्या रुंदीत आहे. एक उदाहरण आकड्यांनिशी घेऊ. ए सीटचा व्यास ३०, रुंदी १८ मिलिमीटर. दोन्ही कडांपासून २ मिलिमीटर सोडून दोन सर्कल घेतली, म्हणजे त्यांच्यातलं अंतर १४. बी सीटचा व्यास २५, ए पासून २२० मिलिमीटरवर. रनआउट तपासायचा व्यास बी च्याही पलीकडे, ए पासून २८० वर. टॉलरन्स २० मायक्रॉन.

ए च्या दोन सर्कलच्या सेंटरमध्ये फक्त २ मायक्रॉनचा फरक पडला असं धरा. चांगल्या मशीनवरही एवढं होतं. पण १४ मिलिमीटरला २ मायक्रॉन म्हणजे २८० मिलिमीटरवर अक्ष ४० मायक्रॉन बाजूला गेला. रनआउट त्याच्या दुप्पट, ८० मायक्रॉन. जॉबमध्ये काडीचा दोष नसताना टॉलरन्सच्या चौपट.

आता तोच २ मायक्रॉन ए-बी अक्षात टाकून बघा. बी चं सेंटर २ मायक्रॉन चुकलं तर २८० वर अक्ष अडीच मायक्रॉन सरकेल, रनआउटमध्ये पाच मायक्रॉनची भर पडेल. ए चं सेंटर २ ने चुकलं तर त्या टोकाला अर्धा मायक्रॉनच सरकतो, भर एक मायक्रॉनची. चूक तीच, पण एका ठिकाणी ८० आणि दुसरीकडे एक ते पाच. दर वेळी जॉब लावल्यावर आकडा वेगळा का येतो, याचंही उत्तर यातच आहे: आखूड सीटवरचा अक्ष दर वेळी वेगळ्या दिशेला थोडासा झुकतो आणि लांबवर जाऊन तो झुकाव फुगतो.

कॉलरच्या फेसवर (अक्षाला काटकोनात असलेल्या सपाट बाजूवर) अॅक्शियल रनआउट दिला असेल तर तिथेही हेच. ८० व्यासाच्या फेसवर त्याच झुकावाने ११ मायक्रॉन येतील, ए-बी वर पाऊण मायक्रॉनही नाही. व्यासावरचा रनआउट लांब गेल्यावर वाढतो, फेसवरचा फेसच्या व्यासाबरोबर वाढतो. दोन्ही एकाच वेळी नापास होत असतील तर अक्ष झुकलाय असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं.

मग अक्ष बांधायचा कसा

सॉफ्टवेअरच्या टॉलरन्स कमांडमध्ये एकाच खान्यात दोन डेटम टाकायची सोय असेल तर तीच वापरा. ए आणि बी दोन्ही सिलिंडर म्हणून मोजा, दोघांना डेटमची नावं द्या आणि पहिल्या खान्यात ए-बी लिहा. सॉफ्टवेअर दोन्ही सिलिंडर एकरेषेत राहतील या अटीवर एकाच वेळी बसवतं. व्यास वेगळे असले तरी बिघडत नाही. वर दिलेली क्रम उलटायची चाचणी मात्र एकदा करून घ्याच.

ती सोय नसेल तर लाइन बांधावी लागते, आणि इथे फाटे फुटतात. ए ची दोन सर्कल, बी ची दोन सर्कल, चारही सेंटरमधून बेस्ट फिट लाइन. ही साधी आणि भरवशाची पद्धत. दोन्हीकडे सर्कलची संख्या सारखी ठेवा. ए ला तीन आणि बी ला एक असं केलं तर बी चं एकच सर्कल सगळा भार उचलतं आणि त्यातली चूक सरासरीने कमी व्हायला वावच राहत नाही. ए आणि बी दोन्ही सिलिंडर मोजून त्यांना जोडणारी लाइन बांधली तर बहुतेक सॉफ्टवेअर प्रत्येक सिलिंडरच्या मध्यबिंदूतून ती नेतं. आखूड सीटला ते चांगलंच, कारण सीटचा स्वतःचा झुकाव हिशेबाबाहेर राहतो. पण एक पाहून घ्या: निवडीच्या यादीत सिलिंडरचा मध्यबिंदू आहे की टोकाचा बिंदू. टोकाचा असेल तर झुकाव मागच्या दाराने परत येतो.

दोन्ही सीटचे सगळे पॉईंट एकत्र करून एकच सिलिंडर बसवायचा मोह होतो. व्यास वेगळे असतील तर तो विचार सोडाच. ३० आणि २५ ला एकच त्रिज्या शोधणारं सॉफ्टवेअर उत्तर देईल, तक्रारही करणार नाही, आणि त्या उत्तराची किंमत शून्य. ड्रॉइंगवर व्यास सारखे असले तरी प्रत्यक्षात दोन सीटमध्ये १०-१२ मायक्रॉनचा फरक असतोच. पॉईंट पूर्ण ३६० अंशात सारखे पसरलेले असतील तर तो फरक सेंटरला बाधत नाही. पण फिक्स्चरमुळे प्रोबला अर्धीच बाजू मिळत असेल, तर त्रिज्येतला फरक सेंटर ढकलण्यात जातो. व्ही-ब्लॉकमध्ये आडवा ठेवलेला शाफ्ट वरूनच मोजला जातो, त्यामुळे हा प्रसंग अगदी रोजचा आहे. अशा ठिकाणी प्रत्येक सीटला आपापली त्रिज्या घेऊ द्या आणि मग सेंटर जोडा. शक्य असेल तर शाफ्ट उभा धरून पूर्ण फेरी मिळेल अशी सोय करणं सगळ्यात उत्तम.

बांधलेली लाइन रनआउटला डेटम म्हणून स्वीकारायला काही सॉफ्टवेअर नकार देतं, त्याला सिलिंडरच लागतो. मग लाइनवर लेव्हल करा, ओरिजिन तिच्यावर न्या, आणि त्या अलाइनमेंटला धरून रनआउट काढा. त्या अलाइनमेंटला स्पष्ट नाव द्या, नाहीतर प्रोग्राममध्ये पुढे कोणी दुसरी अलाइनमेंट चालू केली की रनआउट गुपचूप तिच्यावर जातो.

चार पॉईंट, तीन लोब

अक्ष नीट बांधला, तरी जॉब फिरवून लावला की आकडा सात-आठ मायक्रॉनने बदलतोच, अशी तक्रार उरली तर डेटम सर्कलला किती पॉईंट घेतलेत ते बघा. निम्म्याहून जास्त प्रोग्राममध्ये तिथे चार सापडतील. सर्कलला कमीत कमी तीन लागतात, मग चार म्हणजे एक जास्तच की, असा हिशेब असतो.

सेंटरलेस ग्राइंडिंगवरून आलेल्या व्यासाला तीन, पाच, सात असे विषम लोब (परिघावरचे फुगवटे) असण्याची खोड असते. मायक्रोमीटरला ते दिसत नाहीत, कारण समोरासमोरच्या दोन बाजूंपैकी एक फुगलेली आणि दुसरी तेवढीच दबलेली, त्यामुळे व्यास सगळीकडे सारखाच भरतो. आता तीन लोबचा व्यास घ्या, प्रत्येक लोब आदर्श वर्तुळापासून ३ मायक्रॉन वर, म्हणजे गोलाई ६ मायक्रॉन. त्यावर ९० अंशांनी चार पॉईंट टेकवा. लोबच्या माथ्यावरचा पॉईंट ३ मायक्रॉन बाहेर, त्याच्या समोरचा ३ मायक्रॉन आत, बाजूचे दोन जागच्या जागी. सॉफ्टवेअरला हे वर्तुळ फुगल्या-दबल्यासारखं दिसतच नाही. त्याला दिसतं ते अगदी गोल, पण ३ मायक्रॉन सरकलेलं वर्तुळ. गोलाई विचाराल तर शून्य सांगेल. लोब कुठल्याही कोनात असोत, सेंटर सरकायचं प्रमाण तेवढंच राहतं, फक्त दिशा बदलते. म्हणून जॉब फिरवला की डेटमच फिरतो.

सारख्या अंतरावर घेतलेल्या पॉईंटांची संख्या आणि लोबची संख्या यांच्यात एकाचा फरक असला की सेंटर फसतं. चार पॉईंटला तीन आणि पाच लोब फसवतात. आठ पॉईंटला सात आणि नऊ. सहा पॉईंटला पाच आणि सात. लोब नेमके किती हे आधी माहीत नसतं, म्हणून टचिंग प्रोब असेल तर संख्या भरपूर वर न्या. डेटमच्या सर्कलला १६ च्या खाली जाऊ नये, असं माझं मत. वेळ जातो हे खरं, पण चार पॉईंटवर वाचवलेला वेळ नंतर वादात दुपटीने जातो. स्कॅनिंग असेल तर हा प्रश्नच संपतो, तिथे काळजी फिल्टरची. कचऱ्याचा एक कण आला तरी शेकडो पॉईंटच्या लीस्ट स्क्वेअर फिटला (सगळ्या पॉईंटच्या सरासरीने बसवलेल्या आकाराला) फारसं कळत नाही, पण डेटमला बाहेरून स्पर्श करणारा सगळ्यात लहान सिलिंडर बसवायला सांगितलं असेल तर तोच कण सिलिंडरला टेकतो आणि अक्ष ढकलतो. त्या फिटआधी फिल्टर आणि अचानक उसळलेले पॉईंट काढून टाकणं दोन्ही चालू असायला हवं.

फिट कुठला, यावर वाद घालायच्या आधी ड्रॉइंगवर कुठल्या स्टँडर्डचं नाव आहे ते बघा. बाहेरच्या व्यासाला डेटम म्हणून बाहेरून टेकणारा सिलिंडर ही कल्पना प्रत्यक्ष बेअरिंगच्या आतल्या रिंगसारखीच आहे, म्हणून ती योग्य. पण सीटची गोलाई २ मायक्रॉनच्या आत असेल तर लीस्ट स्क्वेअर आणि ती यांच्यातला फरकही त्याच मापाचा असतो. ६२ आणि १५ मधली दरी फिट बदलून भरत नाही. हा पर्याय सगळ्यात आधी चाचपला जातो, कारण तो मेनूत वरच दिसतो. खरं तर तो सगळ्यात शेवटी बघायचा.

दोन टिप, दोन अक्ष

शाफ्ट लांब असला की ए एका टिपने आणि बी दुसऱ्या टिपने मोजावा लागतो, किंवा प्रोब हेड दोन कोनांत फिरवावं लागतं. दोन टिपच्या कॅलिब्रेशनमध्ये आपसात ३ मायक्रॉनचा फरक असेल तर बी चं सेंटर तेवढं सरकलेलंच येणार, आणि ए-बी अक्ष दर वेळी एकाच बाजूला झुकणार. जॉब फिरवूनही सेंटर मशीनच्या त्याच बाजूला राहतं ते यामुळे. तपासायला मास्टर बॉल (कॅलिब्रेशनचा अचूक गोळा) दोन्ही टिपने मोजा आणि दोन्ही सेंटरची तुलना करा. किंवा त्याहून सोपं, ए चं एकच सर्कल दोन्ही टिपने घ्या. फरक दिसला तर मास्टर बॉल पुसून, टिप पुसून, दोन्ही कोन एकाच बैठकीत पुन्हा कॅलिब्रेट करा. एक टिप आधी आणि दुसरी कधीतरी नंतर असं केलं आणि मधे बॉलचा स्टँड कोणी हलवला असेल, तर दोन्ही कॅलिब्रेशन स्वतंत्रपणे उत्तम दिसतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत. प्रत्येक टिपचा फॉर्म एरर एक मायक्रॉन दिसतो म्हणून सगळं आलबेल, असं समजणं इथे महागात पडतं. त्या आकड्याला टिपचं आपसातलं नातं माहीतच नसतं.

बाकीच्या गोष्टी झटपट. अलाइनमेंट एकदाच हाताने घेऊन सर्कल मोजलं तर मोजायचं प्रतल जॉबच्या अक्षाला नीट काटकोनात नसतं. ३० व्यासाचा जॉब एक अंश कलला असेल तर वर्तुळाचा लंबगोल होतो आणि लांब व्यास साडेचार मायक्रॉनने वाढतो, म्हणजे रनआउटमध्ये दोनहून जास्त मायक्रॉन फुकट. हाताची अलाइनमेंट फक्त जॉब शोधण्यापुरती ठेवा. तिच्यावरून मशीनने स्वतः ए आणि बी पुन्हा मोजून अलाइनमेंट पक्की करू द्या, आणि मगच रनआउटची सर्कल घ्या. डेटम सर्कल खरोखर ग्राइंड केलेल्या सीटवरच पडतंय का, अंडरकटमध्ये किंवा फिलेटच्या सुरुवातीला तर नाही ना, हे पहिल्या जॉबवर डोळ्यांनी बघा. ऑइल होल असेल तिथे पॉईंट सोडून द्यायची सोय करा. आणि बारीक शाफ्ट क्लॅम्पने दाबून धरू नका, क्लॅम्प सोडल्यावर तो वेगळाच असतो.

डायलशी तुलना करताना

सगळं झाल्यावर डायलशी जुळवायला जाल तेव्हा डायल कशावर लावलाय ते विचारा. बेंच सेंटरवर शाफ्ट दोन टोकांच्या सेंटर होलमध्ये फिरतो. तिथे अक्ष सेंटर होलचा असतो, ए-बी चा नाही. सीट सेंटर होलच्या तुलनेत बाहेर असतील तर डायल आणि सीएमएम जुळणारच नाहीत, आणि जुळू नयेत. त्याच सेटिंगवर डायल आधी ए वर आणि मग बी वर लावून तिथला रनआउट बघा. तो दोन-तीन मायक्रॉनच असेल तर सेंटर होलवरची तुलना चालेल. जास्त असेल तर ए आणि बी खाली व्ही-ब्लॉक द्या. मात्र लोब असलेली सीट व्ही-ब्लॉकमध्ये फिरताना वरखाली होते, त्यामुळे तोही अगदी निर्मळ साक्षीदार नाही. ग्राहकाला पटवताना मी व्ही-ब्लॉकचं सेटिंग दाखवतो, कारण ते बघताक्षणी समजतं. निर्णय मात्र गोलाई चांगली असलेल्या सीट आणि वरच्या पद्धतीने बांधलेला अक्ष यावरच घ्यावा.

डायलचाही एक मुद्दा. सर्क्युलर रनआउटला प्रत्येक छेद वेगळा, डायल एका जागी स्थिर. टोटल रनआउटला डायल लांबीवरून सरकवायचा आणि सगळ्याचा मिळून एकच आकडा. सीएमएमवर एका सर्कलवरून टोटल रनआउट काढलेला रिपोर्ट दिसला तर तो बाजूला ठेवा. त्यासाठी पूर्ण सिलिंडर, निदान अंतराअंतरावरची अनेक सर्कल हवीत.

शेवटी रिपोर्टच्या वरच्या भागात एक ओळ टाका: डेटम ए-बी कशावरून बांधला, दोन्हीकडे किती सर्कल, प्रत्येकी किती पॉईंट किंवा स्कॅन, फिल्टर कुठला, फिट कुठला, कुठल्या टिपने. ग्राहकाच्या लॅबमध्ये आकडा वेगळा आला की सगळ्यात आधी हीच ओळ त्यांच्या सेटिंगशी ताडून बघता येते, आणि जॉब परत मागवायची वेळ बहुधा येत नाही.